गळ्यातली गाठ आणि ध्वनीची साक्ष

गळ्याला गाठ लागली की मनात पहिला शब्द येतो तो कर्करोग. वास्तविक कंठाशी असलेल्या अवटु ग्रंथीतल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. मग घातक कोणती, हे गळा न कापता ओळखायचे कसे?

ही विद्या आली कारखान्यातून. लोखंडाच्या सांध्यात आत कुठे चीर आहे काय, हे पाहण्यासाठी कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपीत. १९५५ साली ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून अशाच एका बॉयलरच्या कारखान्यात गेले. पाण्याने भरलेल्या गाठीचा आणि भरीव गाठीचा प्रतिध्वनी निराळा आला! पुढे एका बाईच्या पोटात असाध्य कर्करोग आहे, असे डॉक्टरांनी ठरवून टाकले होते. यंत्र म्हणाले, ही तर पाण्याची पिशवी. ती काढली आणि बाई वाचली. १९५८ साली हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

१९६७ साली जपानी संशोधकांनी हीच तपासणी अवटु ग्रंथीवर केली. पाण्याची गाठ पडद्यावर काळी दिसते, ते सोपे. भरीव गाठीत मात्र कस लागतो. भोवतालच्या भागाहून काळपट, कडा वेड्यावाकड्या, आडवीपेक्षा उभी, आत रव्याच्या कणांसारखे चुन्याचे ठिपके, अशी लक्षणे जमली की संशय घ्यायचा. संशयच, बरे का! पुढची तपासणी सुईने काढलेल्या पेशींची.

यंत्र फार बारीक पाहू लागले, तशी नवीच अडचण उभी राहिली. दक्षिण कोरियात १९९९ साली सरकारी कर्करोग-तपासणी सुरू झाली. तीत गळा नव्हता. पण थोडे जादा पैसे दिले की दवाखाने तोही तपासून देत. २०११ पर्यंत अवटूच्या कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या १५ पट झाले. मृत्यू? होते तितकेच. जन्मभर गप्प बसल्या असत्या अशा कणभर गाठी शोधून कापल्या गेल्या. पुष्कळांची सगळी ग्रंथी गेली, रोजची गोळी कायमची मागे लागली आणि शंभरांत दोघांचा स्वरतंतू लुळा पडला. शिक्षकबंधूंना याचा अर्थ सांगायला नको.

२०१४ साली तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर सांगितले, तक्रार नसेल तर ही तपासणी करू नका. वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. हाताला गाठ लागणे, आवाज बसणे, गिळताना अडणे ही गोष्ट वेगळी; तिथे डॉक्टरांकडे जायलाच हवे.

२०१७ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने प्रत्येक लक्षणाला गुण ठरवून दिले. सर्वांत संशयास्पद गाठसुद्धा एक सेंटिमीटरहून लहान असेल तर सहसा सुई घालू नये, काही काळाने पुन्हा पाहावी, असे त्यात सांगितले आहे.