अभिप्रायार्थ प्रत

इ. स. १८६७ या एकाच वर्षी मराठी ग्रंथाच्या प्रतींना दोन वाटा फुटल्या. त्या वर्षीच्या कायद्याने छापील ग्रंथाच्या प्रती सरकारात दाखल करण्याचे बंधन छापखान्यांवर घातले. आणि मुंबईत ‘विविधज्ञानविस्तार’ निघून ग्रंथपरीक्षणास हक्काची जागा मिळाली. पहिली वाट हुकमाची, दुसरी विश्वासाची. पुढे नियतकालिके परीक्षणार्थ दोन प्रती मागू लागली आणि ‘साभार पोच’ हे सदर रूढ झाले. मात्र पोच म्हणजे परीक्षण नव्हे, आणि पाठविलेली प्रत म्हणजे स्तुतीचे मोल नव्हे.

१९५४च्या कायद्याने प्रकाशकाला कोलकाता, मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांकडे प्रती स्वखर्चाने पाठवाव्या लागतात. त्या यादीत हैदराबाद नाही. येथे मराठी पुस्तक येते ते आपल्याच माणसांच्या आस्थेने. म्हणून पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्या येथील लेखकाने प्रत मागणाऱ्यास संकोच न बाळगता विचारावे : परीक्षण कोण लिहिणार, आणि ते कोठे छापून येणार? उत्तर मिळाल्यास प्रत अवश्य पाठवावी, अनुकूल अभिप्रायाची अट घालू नये. एक प्रत गावातील मराठी ग्रंथसंग्रहालयास द्यावी. स्नेह्यांनी मात्र पुस्तक विकतच घ्यावे; दुसरी आवृत्ती त्यांच्याच बळावर निघते.