सुटकेनंतरचा मृत्यू : ढिगारा, हृदय आणि पोटॅशियम

१/ १९४० सालच्या हिवाळ्यात लंडनमधील डॉक्टरांपुढे एक विलक्षण कोडे उभे राहिले. बाँबहल्ल्यात कोसळलेल्या घरांखालून माणसे जिवंत बाहेर काढली जात. ती शुद्धीवर असत, बोलत असत. पाय दबलेला असला तरी अंगावर मोठी जखम नसे. अशी माणसे रुग्णालयात पोहोचत आणि काही तासांत किंवा काही दिवसांत अचानक दगावत.

२/ जर्मन विमानांनी ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बाँब टाकले. हल्ल्यांचे हे सत्र मे १९४१ पर्यंत चालले. विटांची घरे कोसळत आणि रहिवासी तासन् तास तुळयांखाली, भिंतींखाली अडकून पडत. त्यांना बाहेर काढणे म्हणजे त्यांचा जीव वाचवणे, असा सर्वांचा स्वाभाविक समज होता.

३/ हा समज अपुरा आहे, हे हॅमरस्मिथ रुग्णालयातील दोघांनी दाखवून दिले. एक डॉक्टर एरिक बायवॉटर्स, दुसरे जीवरसायनतज्ज्ञ डेस्मंड बील. मार्च १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात चार रुग्णांची हकीकत होती. चौघेही दगावले होते.

४/ चौघांच्या आजाराचा क्रम जवळजवळ एकच होता. दाखल होताना प्रकृती बरी दिसे. मग दबलेला अवयव टणक सुजे, रक्तदाब कोसळे. उपचारांनी तो सावरे, पण लघवी कमी होई आणि तिचा रंग गडद होई. रक्तातील युरिया दिवसेंदिवस चढे, त्याबरोबर पोटॅशियमही. शेवट बहुधा आठवड्याच्या आत आणि एकाएकी होई.

५/ हे चित्र पूर्वी कोणी पाहिलेच नव्हते असे नाही. पहिल्या महायुद्धात खंदक कोसळून गाडल्या गेलेल्या सैनिकांविषयी जर्मन डॉक्टरांनी लिहून ठेवले होते. सैगो मिनामी या जपानी डॉक्टरांनी अशा मृतांच्या मूत्रपिंडांचा अभ्यास १९२३ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केला होता. दुसरे महायुद्ध येईपर्यंत ते काम विस्मृतीत गेले होते.

६/ या कथेतील मुख्य पात्र मराठी शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचे आहे. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश असे तीन शब्द असतात. त्यातील पालाश म्हणजे पोटॅशियमयुक्त खत. लाकडाच्या राखेतील क्षार माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होता. त्यातील मूळ धातू हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये लंडनमध्ये विजेच्या साहाय्याने वेगळा केला.

७/ हेच मूलद्रव्य प्रत्येक जिवंत पेशीत भरलेले असते. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि रक्तात त्याचा अत्यल्प अंश फिरतो. पेशीच्या आत त्याचे प्रमाण लिटरला सुमारे १४० मिलिमोल, तर रक्तात साधारण ३.५ ते ५. सुमारे तीसपटींची ही तफावत राखण्यासाठी पेशी अखंड ऊर्जा खर्च करते.

८/ हृदयाचा प्रत्येक ठोका याच तफावतीवर उभा आहे. आत-बाहेरच्या फरकामुळे पेशीच्या पटलावर विद्युतदाब तयार होतो आणि त्यातून स्पंदनाची लहर पुढे सरकते. रक्तातील पोटॅशियम ६.५ च्या वर गेले की हा दाब ढासळू लागतो. लहर मंदावते, वाट चुकते आणि शेवटी हृदय थांबू शकते.

९/ आता ढिगाऱ्याखालचा पाय डोळ्यांपुढे आणावा. तुळईच्या भाराखाली स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, पेशी मरू लागतात आणि त्यांच्यातील पोटॅशियम तिथेच साचते. भार आहे तोवर ते तिथेच कोंडलेले राहते. तुळई उचलली जाते, रक्त पुन्हा वाहू लागते आणि तो सारा साठा थेट हृदयाकडे निघतो. सुटकेचा क्षणच सर्वांत धोक्याचा ठरतो.

१०/ दुसरा आघात मूत्रपिंडांवर होतो. मेलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन हे तांबूस रंगद्रव्य बाहेर पडते. लघवीचा गडद रंग त्याचाच. ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत अडकते. शिवाय रक्तातील द्रव सुजलेल्या पायात उतरल्याने मूत्रपिंडांना रक्तही कमी पडते. म्हणजे पोटॅशियम वाढते तेव्हाच ते बाहेर टाकण्याची वाट बंद होते.

११/ या संकटावरील उत्तराचा पहिला धागा लंडनमध्येच साठ वर्षांपूर्वी सापडला होता. १८८२-८३ च्या सुमारास सिडनी रिंगर बेडकाचे हृदय क्षारयुक्त पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. एकदा ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेले आणि हृदय अधिक काळ चालले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमची ती किमया होती.

१२/ रिंगर तेथेच थांबले नाहीत. पोटॅशियमचे प्रमाण वाढवले की बेडकाचे हृदय मंदावत थांबते आणि कॅल्शियम त्या परिणामाला विरोध करते, हेही त्यांनी नोंदवले. आज अतिदक्षता विभागात शिरेतून दिले जाणारे पहिले औषध म्हणजे कॅल्शियम. त्यामागचे तत्त्व या प्रयोगांतील आहे.

१३/ दुसरा धागा मधुमेहाच्या संशोधनातून आला. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती लागले. पुढच्या दोन-तीन वर्षांतच असे दिसून आले की इन्सुलिन दिल्यावर रक्तातील साखरेबरोबर पोटॅशियमही उतरते. ते नष्ट होत नाही. रक्तातून पुन्हा पेशींच्या आत जाते. त्या काळी ही केवळ एक शास्त्रीय नोंद होती.

१४/ तिसरा धागा हृदयाच्या आलेखाचा, म्हणजे ईसीजीचा. नेदरलँड्समधील विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाची वीज कागदावर उतरवली आणि १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३८ मध्ये अमेरिकेत विंकलर, हॉफ आणि स्मिथ यांनी कुत्र्यांच्या शिरेत पोटॅशियम क्लोराइड सोडून आलेख कसा पालटतो ते टिपले.

१५/ तो क्रम आजही वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. प्रथम ‘टी’ लहर तंबूसारखी उंच व टोकदार होते. मग ‘पी’ लहर सपाट होत दिसेनाशी होते. त्यानंतर मधला ‘क्यूआरएस’ भाग रुंदावतो आणि अखेरीस सारा आलेख समुद्राच्या लाटेसारखा वळणदार होतो. त्यापुढे हृदय थांबते. मात्र प्रत्येक रुग्ण या पायऱ्या क्रमाने चढतोच असे नाही.

१६/ म्हणजे १९४० पर्यंत तिन्ही धागे उपलब्ध होते. पण एक बेडकाच्या प्रयोगशाळेत, दुसरा मधुमेहाच्या संशोधनात आणि तिसरा कुत्र्यांवरील प्रयोगांत. रुग्णाच्या खाटेशी ते एकत्र आले नव्हते. पोटॅशियम मोजण्याची रासायनिक पद्धतही किचकट आणि वेळखाऊ होती. ज्योतीच्या रंगावरून ते झटपट मोजणारे फ्लेम फोटोमीटर १९४५ नंतर रुग्णालयांत येऊ लागले.

१७/ चौथा धागा नाझींच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये विणला जात होता. काम्पेन या लहान गावात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांनी लाकडी पट्ट्यांचा पिंप उभारला आणि त्याभोवती सॉसेजसाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी गुंडाळली. नळीत रुग्णाचे रक्त, बाहेर क्षारयुक्त पाणी. १९४३ मध्ये हे कृत्रिम मूत्रपिंड प्रथम रुग्णावर वापरले गेले.

१८/ पहिल्या दोन वर्षांत कोल्फ यांचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक महिला या यंत्रामुळे शुद्धीवर आली आणि वाचली. युद्धानंतर कोल्फ यांनी आपली यंत्रे इतर देशांना दिली. त्यातील एक हॅमरस्मिथ रुग्णालयात पोहोचले. तेथे ते चालवणाऱ्यांत तेच बायवॉटर्स होते, ज्यांनी १९४१ मध्ये चौघांचा मृत्यू पाहिला होता.

१९/ हे सारे धागे रणभूमीजवळ एकत्र आले ते कोरियन युद्धात. १९५२ मध्ये अमेरिकी लष्कराने वोंजू येथील रुग्णालयात मूत्रपिंड निकामी झालेल्या जखमींसाठी स्वतंत्र केंद्र उघडले. तेथे कोल्फ यांच्या यंत्राची सुधारित आवृत्ती होती. अशा जखमींत वाढलेले पोटॅशियम हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे, हे तेथे स्पष्ट झाले. पूर्वी यांपैकी बहुतेक दगावत. आता निम्म्याच्या आसपास वाचू लागले.

२०/ या इतिहासातून उपचाराच्या तीन पायऱ्या आकाराला आल्या : हृदयाचे रक्षण, पोटॅशियमचे स्थलांतर आणि पोटॅशियमचे निष्कासन. पहिल्या पायरीवर शिरेतून कॅल्शियम देतात. काही मिनिटांत आलेख सुधारतो, परंतु रक्तातील पोटॅशियम तसूभरही उतरत नाही. शत्रू दारातच असतो. कॅल्शियम फक्त दार धरून ठेवते, तेही अर्धा ते एक तास.

२१/ मिळालेल्या त्या वेळात दुसरी पायरी गाठावी लागते. साधारणतः १० युनिट इन्सुलिन आणि साखर खाली जाऊ नये म्हणून सोबत ग्लुकोज. जोडीला वाफेतून साल्ब्युटामॉल, जे एरवी दम्यावर देतात. पोटॅशियम पेशींत शिरते, पण काही तासांनी पुन्हा बाहेर येऊ शकते. म्हणून तिसरी पायरी अटळ : लघवीवाटे किंवा डायलिसिसने ते शरीराबाहेर काढणे.

२२/ ढिगाऱ्यापाशी उपचार कधी सुरू करावा, याचे उत्तर १९८२ मध्ये लेबनॉनमधील टायर शहरात मिळाले. तेथे कोसळलेल्या इमारतीखाली अडकलेल्यांना बाहेर काढण्यापूर्वीच इस्रायली डॉक्टरांनी शिरेतून सलाईन सुरू केले. चिरडल्याची लक्षणे असलेल्या सात जणांपैकी एकाचेही मूत्रपिंड निकामी झाले नाही.

२३/ डिसेंबर १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपानंतर मात्र शेकडो जणांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि डायलिसिसची यंत्रे अपुरी पडली. त्या अनुभवातून मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्तीसाठी मदत दल उभारले. ऑगस्ट १९९९ मध्ये तुर्कस्तानातील मार्मारा भूकंपात ते कामी आले. तेथे मूत्रपिंडाचा त्रास झालेल्या ६३९ रुग्णांपैकी ४७७ जणांना डायलिसिस मिळाले.

२४/ आज वाढलेल्या पोटॅशियमचे बहुतेक रुग्ण ढिगाऱ्याखालून येत नाहीत. कोणाचे डायलिसिस चुकलेले असते, कोणाची मूत्रपिंडे नकळत थकलेली असतात, कोणाला रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्यांमुळे त्रास होतो. लक्षणे फसवी असतात : थोडा अशक्तपणा, पाय जड होणे, कधी काहीच नाही. म्हणून तातडीच्या विभागात आलेखावर ती खूण दिसताच डॉक्टर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता कॅल्शियम देतात.

२५/ १९४१ मधील त्या चार रुग्णांना मारणारे विष बाहेरून आलेले नव्हते. त्यांच्याच स्नायूंत जन्मभर निमूट काम करणारे ते मूलद्रव्य फक्त जागा सोडून आले होते. ते ओळखण्याची खूण आणि रोखण्याचे औषध तेव्हाही कोठे ना कोठे नोंदलेले होते. त्या नोंदी एकमेकींपर्यंत पोहोचायला आणखी दहा-बारा वर्षे लागली. दरम्यान ढिगाऱ्याखालून सुटलेली माणसे मरत राहिली.

(समाप्त)