किल्लारी आणि सलाईनची निवड

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर भूकंपाने हादरला आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. अशा आपत्तीत कोणते सलाईन लावायचे, यावर जीव अवलंबून असतो. चिरडलेल्या स्नायूंतून पोटॅशियम रक्तात उतरते, मूत्रपिंडे निकामी होतात. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांतील जखमींच्या अभ्यासातून डॉ. बायवॉटर्स यांनी १९४१ मध्येच हा धोका दाखवला होता. म्हणून पोटॅशियम असलेल्या रिंगर लॅक्टेटऐवजी ०.९ टक्क्यांचे नॉर्मल सलाईन, शक्यतो ढिगाऱ्यातून काढण्यापूर्वीच, सुरू करतात. धावपळीत निवडीला सवड कुठली, हा आक्षेप रास्त आहे. पण हाताला लागलेली पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली लावली, तर त्यातले बहुतेक पाणी रक्तवाहिन्यांबाहेर जाते. रक्तदाब सावरत नाही. म्हणूनच ही निवड आधीच, तालुक्याच्या औषधसाठ्यातच व्हायला हवी.