बीजगणितातली ‘शय्’ आणि वारसांचा हिस्सा

फळ्यावर ‘क्ष’ आणि ‘य’ आले की गणित अवघड झाले, असे मुलांना वाटते. मांडून दिलेले समीकरण ती कशीबशी सोडवतात. पण ‘शाब्दिक उदाहरणे’ म्हटली की अर्धा वर्ग मान खाली घालतो. गंमत अशी की ज्या ग्रंथावरून या विषयाला इंग्रजीत ‘अल्जिब्रा’ हे नाव पडले, त्यातले सगळे गणित शाब्दिकच आहे. त्यात क्ष नाही, अधिक-उणे-बरोबरची चिन्हे नाहीत. आकडेसुद्धा अक्षरांत लिहिलेले आहेत.

त्या ग्रंथाचा लेखक मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी. खलिफा अल-मामूनच्या काळात (इ. स. ८१३ ते ८३३) बगदादमध्ये राहून त्याने ‘अल-जब्र व अल-मुकाबला’ या गणनपद्धतीवर हे छोटेखानी पुस्तक लिहिले. ते कशासाठी, हे त्याने प्रस्तावनेतच सांगितले आहे : वारसा, मृत्युपत्रे, वाटण्या, खटले, व्यापार, जमीनमोजणी, कालवे खोदणे अशा कामांत लोकांना लागते म्हणून.

जी संख्या माहीत नाही तिला तो ‘शय्’ म्हणतो. शय् म्हणजे गोष्ट, वस्तू. उर्दूतली ‘शै’ तीच. वर्गसमीकरणात तिला तो ‘जिज्र’ म्हणजे मूळ म्हणतो आणि तिच्या वर्गाला ‘माल’. त्याचे प्रसिद्ध उदाहरण असे : एक माल आणि त्याची दहा मुळे मिळून एकोणचाळीस दिरहम होतात, तर मूळ किती? आज आपण क्ष² + १०क्ष = ३९ असे लिहू. त्याची रीत बोलीतली आहे. दहाचे निम्मे पाच, पाचाचा वर्ग पंचवीस, तो एकोणचाळिसात मिळवला की चौसष्ट, त्याचे वर्गमूळ आठ, त्यातून पाच वजा केले की तीन. ही रीत बरोबर का, हे तो पुढे चौकोन काढून दाखवतो.

‘जब्र’ म्हणजे मोडलेले सांधणे. हाड बसवण्यालाही हाच शब्द आहे. समीकरणात एका बाजूला काही वजा असेल तर तेवढे दोन्हीकडे मिळवून तूट भरायची, हा जब्र. दोन्हीकडे एकाच जातीची राशी असेल तर समोरासमोर ठेवून कमी करायची, हा मुकाबला.

या ग्रंथाचा जवळपास निम्मा भाग मृत्युपत्रे आणि वारसा यांचा आहे. त्यातले एक उदाहरण पाहा. एक माणूस वारला. मागे दोन मुलगे, दहा दिरहम रोख आणि एका मुलाकडून येणे असलेले दहा दिरहम. मालमत्तेचा तिसरा हिस्सा त्याने एका परक्याला लिहून दिला आहे. कर्जदार मुलाच्या वाट्याइतके कर्ज त्याच्या वाट्यात वळते करायचे आहे. पेच असा की वाटा कळल्याशिवाय मालमत्ता किती धरायची ते कळत नाही, आणि मालमत्ता कळल्याशिवाय वाटा निघत नाही.

ख्वारिज्मी सांगतो, वळत्या रकमेला ‘शय्’ म्हणा. मग मालमत्ता झाली दहा आणि एक शय्. तिसरा हिस्सा काढून उरलेले दोघांत वाटले की प्रत्येकाला तीन पूर्णांक एक तृतीयांश दिरहम आणि शय्‌चा एक तृतीयांश. हा वाटा म्हणजेच शय्. तेव्हा शय्‌चे दोन तृतीयांश म्हणजे तीन पूर्णांक एक तृतीयांश, आणि शय् म्हणजे पाच. रोख दहापैकी पाच परक्याला, पाच दुसऱ्या मुलाला. कर्जदाराचे पाच कर्जात वळते झाले.

यातली आकडेमोड सोपी आहे. कशाला ‘शय्’ म्हणायचे आणि वाक्यातली कोणती गोष्ट आधी करायची, हे ठरवणे अवघड. सूरह निसामधील वारशाच्या आयतींत (४:११-१२) वारसांच्या हिश्शांपूर्वी द्यायच्या दोन गोष्टी येतात. मृत्युपत्राचा उल्लेख आधी आहे, कर्जाचा नंतर. फिकहमध्ये मात्र क्रम उलटा ठरला : आधी कर्ज, मग उरलेल्यातून एक तृतीयांशापर्यंत वसियत, मग वारस. हजरत अलींकडून आलेली हदीसही तेच सांगते. समजा मालमत्ता ९० हजारांची, कर्ज ३० हजार आणि वसियत एक तृतीयांशाची. कर्ज आधी फेडले तर वसियतीचे २० हजार आणि वारसांना ४० हजार. वसियत आधी काढली तर ती ३० हजार होते आणि वारसांनाही ३० हजारच उरतात. आकडे तेच, पण कंस कुठे पडला यावर १० हजार रुपये इकडचे तिकडे होतात. ‘दुपटीत तीन मिळवा’ आणि ‘तीन मिळवून दुप्पट करा’, म्हणजे २क्ष + ३ आणि २(क्ष + ३), यांतला भेद मास्तर शिकवतात तो हाच. वर्गात त्याने एक गुण जातो. घरच्या वाटणीत विधवेचे आणि मुलांचे पैसे जातात.

बीजगणित एकट्या बगदादचे नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच अज्ञात राशींची समीकरणे मांडली होती. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात (११५०) अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जितके असेल तितके’ असे नाव आहे; आणखी अज्ञात आले तर कालक, नीलक, पीतक असे रंग. त्यांची आद्याक्षरे घेऊन ‘या ५ रू ८’ लिहिले की ५क्ष + ८ झाले. चिन्हांच्या बाबतीत हे ख्वारिज्मीच्या पुढचे पाऊल होते. खुद्द ख्वारिज्मीने भारतीय अंकांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चंगदेव याने स्थापलेल्या मठाच्या दानाचा १२०७ चा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली, आणि शहाजहानच्या काळात अताउल्लाह रशीदीने ‘बीजगणित’.

तिकडे ११४५ मध्ये स्पेनमधील सेगोव्हिया येथे ख्वारिज्मीचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला. ‘शय्’ लॅटिनमध्ये ‘रेस’ आणि इटालियनमध्ये ‘कोसा’ झाली. अर्थ तोच, गोष्ट. १६३७ मध्ये देकार्तने अज्ञातांसाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरे वापरली आणि एक्स रूढ झाला. हा एक्स अरबी ‘शय्’पासूनच आला, असा संदेश आपल्या मोबाइलवर अधूनमधून फिरतो. त्याला कागदोपत्री आधार नाही. पूर्वजांचे खरे काम एवढे मोठे असताना असे दाखले जोडायची गरजही नाही.

खरा वारसा आपल्या तोंडी रोज असतो. ‘क्ष अधिक पाच’ म्हणताना ‘अधिक’ संस्कृतातून आलेला असतो, आणि ‘क्ष वजा पाच’ म्हणताना ‘वजा’ अरबीतून. बाकी, जमा, रक्कम, हिशेब हेही तिकडचेच. मराठी शाळेतले मूल दोन्ही परंपरांचे शब्द एकाच ओळीत वाचते. त्याला शाब्दिक उदाहरण अडले तर सूत्र पाठ करायला लावू नका. आधी विचारा, यातली कोणती गोष्ट आपल्याला माहीत नाही? तिला नाव दिले की बाकीचे वाक्य आपोआप मांडता येते.