अर्ध्या टनाची बॅटरी आणि ब्रॉडवेवरची क्रेन

परवा नाशिकहून मामेभावाचा फोन. हायवेलगतच्या त्याच्या गाळ्यापुढची जागा एक कंपनी पाच वर्षांसाठी मागतेय. वर याच्याकडूनच डिपॉझिट. रिक्षावाले येणार, रिकामी बॅटरी काढून भरलेली लावणार, दोन मिनिटांत चालू पडणार. "दादा, एकदम नवीन कल्पना आहे, आधी कोणाला सुचलीच नव्हती!"

हे वाक्य ऐकलं की मला हल्ली धडकी भरते. आमच्या धंद्यात पण दर दोन वर्षांनी कोणीतरी जुनंच काहीतरी नव्या नावाने शोधून काढतं. त्याला म्हटलं रविवारपर्यंत थांब, आणि वाचायला बसलो.

तर मंडळी, बॅटरी बदलून टॅक्सी चालवायचा धंदा न्यूयॉर्कमध्ये १८९७ साली सुरू झाला होता. (हो, अठराशेच!) फिलाडेल्फियाचे दोघे, मॉरिस नावाचा इंजिनिअर आणि सालोम नावाचा केमिस्ट. त्यांनी १८९४ साली 'इलेक्ट्रोबॅट' नावाची विजेची गाडी बनवली आणि तीन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये डझनभर टॅक्स्या उतरवल्या. पुढे ब्रॉडवेवरच्या एका जुन्या स्केटिंग रिंकमध्ये यांचं स्टेशन झालं. टॅक्सी आत आली की अर्ध्या टनाहून जड बॅटरीचा अख्खा ट्रे बाहेर काढायचा, डोक्यावरच्या क्रेनने उचलून चार्जिंगला न्यायचा आणि त्या जागी भरलेला ट्रे सरकवायचा. काही मिनिटांत गाडी परत रस्त्यावर. घोडे बदलण्यासारखंच, फक्त शेण नाही.

लोकांना हे आवडलं. मे १८९९मध्ये जेकब जर्मन नावाच्या ड्रायव्हरला लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर ताशी १२ मैलांच्या 'भन्नाट' वेगाने टॅक्सी हाणल्याबद्दल अटक झाली. पकडणारा पोलीस सायकलवर होता! त्याच वर्षी १३ सप्टेंबरला हेन्री ब्लिस नावाचे गृहस्थ ट्राममधून उतरले आणि विजेच्या टॅक्सीने त्यांना उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. अमेरिकेत मोटारीखाली जीव गेलेला हा नोंदलेला पहिला माणूस. आणि ती मोटार पेट्रोलची नव्हती.

आपण समजतो तसं तेव्हा पेट्रोल जिंकलेलंही नव्हतं. १९०० सालच्या अमेरिकन गणनेप्रमाणे बनलेल्या ४,१९२ गाड्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या.

मग माशी शिंकली कुठे? इथे गोष्ट तंत्रज्ञानातून पैशात शिरते. १८९७मध्येच आयझॅक राइस नावाच्या माणसाने ही कंपनी घेतली होती. राइस बॅटरीवाला, त्याच्या कंपनीनेच पुढे 'एक्साइड' हे नाव काढलं. बुद्धिबळवाल्यांना राइस गॅम्बिट माहीत असेल, तोही याच्याच नावाचा. त्याने कंपनीला नाव दिलं इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी. मग १८९९मध्ये आले विल्यम व्हिटनी. ट्रामचे सम्राट आणि माजी नौदलमंत्री, म्हणजे राजकारण आणि पैसा एकाच कोटात. त्यांचा प्लॅन: हजारो टॅक्स्या, बोस्टनपासून शिकागोपर्यंत शाखा. टॅक्सी विकायचीच नाही, भाड्याने चालवायची. शेअर बाजार खूश. चिडलेल्या एका मोटार मासिकाने या गटाला 'लेड कॅब ट्रस्ट', म्हणजे शिशाच्या टॅक्स्यांची टोळी म्हणायला सुरुवात केली.

आपल्या भाषेत सांगायचं तर पायलट पास झाला आणि रोलआउट फसला. शिशाची बॅटरी नाजूक असते. खाचखळग्यांत प्लेटवरचा माल झडतो, पार रिकामी करून तशीच ठेवली तर सल्फेट धरतं. (घरच्या इन्व्हर्टरची आठवण झाली ना?) न्यूयॉर्कच्या स्टेशनात तिची निगा राखणारी तयार माणसं होती. ती प्रत्येक शहरात कुठून आणायची? डिसेंबर १८९९मध्ये 'न्यूयॉर्क हेराल्ड'ने कंपनीने लबाडीने कर्ज उचलल्याची बातमी छापली आणि शेअर कोसळला. बाहेरगावच्या शाखा १९०१च्या सुमारास गुंडाळल्या गेल्या.

पुढचा भाग तर कहर आहे. या विजेच्या कंपनीकडे सेल्डनचं पेटंट होतं, आणि ते होतं पेट्रोलच्या मोटारीचं! टॅक्सीत पैसे मिळेनात तेव्हा यांनी १९०३पासून पेट्रोलवाल्यांकडून दर गाडीमागे सव्वा टक्का वसूल करायला सुरुवात केली. हेन्री फोर्ड नाही म्हणाला, यांनी खटला भरला. १९०७मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं तरी खटला चालूच. १९०९ला फोर्ड हरला, १९११ला अपिलात जिंकला.

आणि आपल्यातलाच एक शहाणा: शाय अगासी, सॅपमधला मोठा अधिकारी. त्याने २००७मध्ये 'बेटर प्लेस' काढली. इस्राएलमध्ये पाच मिनिटांत बॅटरी बदलणारी स्टेशनं उभारली, जवळजवळ ८५ कोटी डॉलर जमवले. मे २०१३मध्ये दिवाळखोरी. ते यंत्र उत्तम चालायचं, गाड्याच पुरेशा विकल्या गेल्या नाहीत.

याचा अर्थ कल्पना वाईट आहे असं मला वाटत नाही. लिथियमची बॅटरी शिशाच्या कितीतरी पुढे आहे, आणि रिक्षाची बॅटरी उचलायला क्रेन लागत नाही. २०२२च्या बजेटमध्ये स्वॅपिंग धोरणाची घोषणा झाली, एप्रिलमध्ये नीती आयोगाचा मसुदाही आला. पण सरकारी घोषणेत भावाच्या डिपॉझिटचं काय होणार ते नसतं.

रविवारी त्याला फोन केला. व्हिटनीबिटनी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, "बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या की नव्या कोण देणार? रिक्षा आल्याच नाहीत तर भाडं मिळणार का?" तो करार चाळत बसला. पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"दादा, जागेच्या रंगाचं लिहिलंय, बोर्ड केवढा ते लिहिलंय... बॅटरीचं काहीच नाही रे."

"आणि डिपॉझिट?"

"ते आहे ना. ठळक अक्षरात."

सही अजून केलेली नाही. शनिवारी वकिलाकडे जाणार आहे, मला पण ये म्हणालाय.