पडद्यावरील हालचालींची नोंद : ‘जीआयएफ’ चित्रप्रकाराचा इतिहास व त्याचे साधनमूल्य

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून मानवी व्यवहाराचा मोठा भाग संगणकाच्या पडद्यावर घडू लागला. पत्रव्यवहार, हिशेब, अध्यापन, जाहिरात, करमणूक अशा अनेक व्यवहारांची साक्ष कागदावर उरेनाशी झाली. पडद्यावर क्षणभर दिसून नाहीसे होणारे दृश्य टिपून ठेवण्यासाठी जी साधने पुढे आली, त्यांत पडद्याचे चित्रण करून त्याचे ‘जीआयएफ’ या हलत्या चित्रात रूपांतर करणे हे साधन सामान्य वापरकर्त्याच्या विशेष परिचयाचे आहे. प्रस्तुत लेखात या चित्रप्रकाराची जडणघडण, त्याच्या मालकीवरून निर्माण झालेला वाद आणि पडद्याच्या चित्रणाशी त्याचे जुळलेले नाते यांचा परामर्श घेतला आहे. तसेच इतिहासाचे साधन म्हणून अशा चित्रांवर कितपत विसंबता येईल, याचाही विचार केला आहे.

उगम (१९८७-१९९५)

अमेरिकेतील ओहायो राज्यातील कॉम्प्युसर्व्ह ही कंपनी दूरध्वनीच्या तारेवरून संगणकधारकांना माहितीसेवा पुरवीत असे. तारेवरून माहिती येण्याचा वेग अत्यंत कमी होता व निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांचे चित्रप्रकार परस्परांशी जुळत नव्हते. कोणत्याही संगणकावर उघडेल आणि आकाराने लहान असेल, असा चित्रप्रकार तयार करण्याचे काम स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखाली झाले. १५ जून १९८७ रोजी ‘ग्राफिक्स इंटरचेंज फॉरमॅट’ प्रसिद्ध झाला. त्याच्या आद्याक्षरांवरूनच ‘जीआयएफ’ हे नाव रूढ झाले.

एकाच फाइलमध्ये अनेक चित्रे ठेवण्याची सोय प्रारंभापासून होती. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत दोन चित्रांमधील विरामाचा काळ नोंदविण्याची व चित्राचा काही भाग पारदर्शक ठेवण्याची तरतूद झाली. मात्र हा प्रकार हलत्या चित्रांसाठी योजलेला नाही, मर्यादित स्वरूपात तसा वापर होऊ शकतो एवढेच, असे त्या आवृत्तीच्या विनिर्देशातच नमूद होते. पुढे नेटस्केप नॅव्हिगेटर या न्याहाळकाच्या दुसऱ्या आवृत्तीने चित्रमालिका पुनःपुन्हा फिरत ठेवण्याची सूचना फाइलमध्ये नोंदविण्याची युक्ती रूढ केली. १९९५ मध्ये या आवृत्तीचे चाचणीरूप आले आणि अखंड फिरणारे चित्र प्रचारात आले. ज्या उपयोगासाठी जीआयएफ घडविला नव्हता, तोच त्याचा मुख्य उपयोग ठरला.

मालकीचा प्रश्न (१९९४-२००४)

जीआयएफमध्ये माहितीचे संकोचन करण्यासाठी ‘एलझेडडब्ल्यू’ ही पद्धत वापरली जाते. लेम्पेल आणि झिव या संशोधकांच्या कार्यावर आधारलेली ही पद्धत टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे अमेरिकन पेटंट १९८५ मध्ये स्पेरी कंपनीला मिळाले व पुढे ते युनिसिस कंपनीकडे आले. डिसेंबर १९९४ च्या अखेरीस जीआयएफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी परवाना शुल्क भरावे, असे जाहीर करण्यात आले. सात वर्षे मोकळेपणाने वापरात असलेल्या चित्रप्रकारावर अचानक मालकी सांगितली गेली, अशी भावना निर्माण झाली.

याची प्रतिक्रिया दोन मार्गांनी उमटली. पहिला मार्ग पर्यायाचा होता. जानेवारी १९९५ मध्ये थॉमस बूटेल यांनी ‘पीएनजी’ या मुक्त चित्रप्रकाराचा पहिला आराखडा मांडला व ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती सिद्ध झाली. दुसरा मार्ग निषेधाचा होता. ५ नोव्हेंबर १९९९ रोजी ‘सर्व जीआयएफ जाळा’ असा दिवस पाळण्यात आला. तांत्रिकदृष्ट्या पीएनजी सरस असला, तरी त्याच्या मूळ रूपात हालचालीची सोय नव्हती. ही उणीव भरून काढणाऱ्या ‘एपीएनजी’ या विस्ताराला पीएनजीच्या अधिकृत विनिर्देशात स्थान मिळण्यास २०२५ साल उजाडावे लागले. दरम्यान अमेरिकेतील पेटंटची मुदत जून २००३ मध्ये व युरोपातील प्रमुख देश, जपान आणि कॅनडा येथील मुदत २००४ मध्ये संपली. त्यामुळे युनिसिसच्या परवान्याचा अडसर दूर झाला.

पडद्याचे चित्रण आणि जीआयएफ

पडद्यावर चाललेल्या क्रियेचे चित्रण करणारी सॉफ्टवेअर १९९० च्या दशकातच उपलब्ध होती. २००४ मध्ये जॉन उडेल या स्तंभलेखकाने वाचकांकडून नावे मागविली आणि अशा चित्रणासाठी ‘स्क्रीनकास्ट’ ही संज्ञा रूढ झाली. पुढे लाइसकॅप, स्क्रीनटूजिफ यांसारख्या विनामूल्य साधनांनी पडद्याचा हवा तेवढा आयताकृती भाग निवडून त्याचे थेट जीआयएफ करण्याची सोय दिली.

या दोहोंचे नाते जुळण्यामागे तांत्रिक कारण आहे. ६०० गुणिले ४०० बिंदूंच्या चौकटीचे सेकंदास १० या गतीने ५ सेकंदांचे चित्रण केल्यास ५० चौकटी, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू होतात. परंतु पडद्यावर बहुतेक वेळा दर्शक-बाण किंवा एखादी यादी एवढेच हलते. बदललेला भाग १०० गुणिले ५० बिंदूंचा असेल, तर पहिल्या पूर्ण चौकटीनंतर उरलेल्या ४९ चौकटींत तेवढाच भाग साठविला तरी चालते व एकूण बिंदू ४ लाख ८५ हजारांवर येतात. शिवाय पडद्यावरील एकरंगी पट्टे एलझेडडब्ल्यू पद्धतीने चांगलेच आकुंचन पावतात. कॅमेऱ्याने घेतलेल्या दृश्यात हे दोन्ही लाभ क्वचितच मिळतात.

साधनचिकित्सा

इतिहासाच्या अभ्यासकाने या साधनाकडे कागदपत्राइतक्याच चिकित्सक दृष्टीने पाहिले पाहिजे. पहिली मर्यादा रंगांची होय. एका चौकटीच्या रंगतालिकेत जास्तीत जास्त २५६ रंग असतात. त्यामुळे मूळ छटा बदललेल्या असू शकतात. दुसरी मर्यादा काळाची. विराम सेकंदाच्या शतांश भागांत मोजला जातो आणि अत्यल्प विराम न्याहाळक आपणहून वाढवितात. म्हणून एखादी क्रिया किती वेगाने घडली, याचा पुरावा म्हणून हे चित्र ग्राह्य धरता येत नाही. तिसरी मर्यादा संदर्भाची. ध्वनी तर नसतोच, परंतु अखंड आवर्तनामुळे घटनेच्या आधी व नंतर काय घडले, हेही लोप पावते.

चौथी अडचण नावाची आहे. ट्विटरने २०१४ मध्ये जीआयएफ स्वीकारण्यास प्रारंभ केला, तेव्हा प्रत्यक्षात त्या फाइलचे रूपांतर ध्वनिरहित व्हिडिओत होत असे. ‘जीआयएफ’ म्हणून जतन झालेली वस्तू मुळात त्या प्रकारची असेलच असे नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न जतनाचा आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज ही संकेतस्थळसेवा अमेरिकेत बंद झाली. स्वयंसेवकांनी व इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने वेळीच प्रती घेतल्या नसत्या, तर १९९० च्या दशकातील सामान्य माणसाच्या दृश्य अभिव्यक्तीचा मोठा ठेवा नाहीसा झाला असता. त्या ठेव्यातून २०१६ मध्ये ४५ लाखांहून अधिक हलती चित्रे शोधता येण्याजोगी झाली. याउलट, फ्लॅश या तंत्रावर आधारलेल्या कलाकृतींना २०२० अखेर त्या तंत्राचा आधार संपल्याने विशेष साधनांवाचून पाहणे अवघड झाले. जीआयएफ मात्र आजही कोणत्याही न्याहाळकात उघडतो. तथापि फाइल उघडता येणे आणि ती टिकणे या वेगळ्या गोष्टी होत. गिफकॅट ही लोकप्रिय साठवणसेवा १ सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाली, तेव्हा तिच्याकडे नेणारे असंख्य दुवे निरुपयोगी झाले.

समारोप

जीआयएफ टिकला तो गुणवत्तेत श्रेष्ठ होता म्हणून नव्हे. तो सर्वत्र उघडत होता, त्याचे विनिर्देश खुले होते व पेटंटची मुदत संपल्यानंतर त्याचा वापर निर्वेध झाला, ही त्याच्या दीर्घायुष्याची कारणे दिसतात. समाजाची स्मृती ज्या स्वरूपात साठविली जाते, त्या स्वरूपाची मालकी कोणाकडे आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा नसून इतिहासकारांचाही आहे.

संशोधक विद्यार्थ्यांनी पडद्यावरील दृश्य पुरावा म्हणून नोंदविताना मूळ व्हिडिओ जपून ठेवावा आणि जीआयएफ ही केवळ त्याची दाखविण्याची प्रत मानावी. चित्रणाचा दिनांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, चौकटींची गती व दृश्याचा वगळलेला भाग यांची टीप सोबत ठेवावी. दप्तरातील कागदावर दिनांक आणि शिक्का पाहण्याची शिस्त अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेली आहे. तीच शिस्त पडद्यावरील साधनांना लागू करणे अगत्याचे आहे.