स्किमरचे बुडबुडे टाकीत का येतात?

समुद्री माशांची टाकी नव्याने मांडलेल्या घरात पहिल्या काही आठवड्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पाणी स्वच्छ आहे, क्षारतेचे माप बरोबर आहे, मासेही खातपीत आहेत. पण दिवा लावला की सगळी टाकी नुकत्याच उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखी दिसते. टाचणीच्या टोकाहूनही बारीक असे असंख्य बुडबुडे पाण्यात फिरत असतात. दोष अर्थातच प्रोटीन स्किमरला दिला जातो. मग त्याहून महागडा स्किमर घेतला जातो आणि बुडबुडे मात्र तसेच राहतात. ते नेमके कोठून येतात, हे शोधण्याआधीच उपाय झालेला असतो.

वास्तविक बुडबुडे करणे हेच स्किमरचे काम आहे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून पाण्यात उतरणाऱ्या अनेक सेंद्रिय पदार्थांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि दुसरे पाण्यापासून दूर पळू पाहते. हवेचा बुडबुडा भेटला की असे रेणू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. स्किमरच्या उंच नळकांड्यात या बुडबुड्यांचा फेस वर चढतो, मानेतून पेल्यात सांडतो आणि कुजण्याआधीच ही घाण पाण्याबाहेर पडते. बुडबुडा जितका लहान, तितका त्याच हवेचा एकूण पृष्ठभाग मोठा. म्हणूनच आजच्या बहुतेक घरगुती स्किमरांतील पंपाच्या चाकाला साध्या पात्यांऐवजी सुयांसारखे दाते असतात. ते हवा चिरडून तिचा जणू भुगा करतात.

गोड्या पाण्यात हे यंत्र फारसे चालत नाही. तेथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि चटकन वर जाऊन फुटतात. समुद्राच्या पाण्यातील मीठ हे मिसळणे रोखते. क्रेग, निनहॅम आणि पॅशली या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात काही क्षार हा परिणाम घडवतात आणि काही अजिबात घडवत नाहीत, असे दाखवले होते. साधे मीठ पहिल्या गटात मोडते. स्किमरला उपकारक ठरणारा हाच गुण टाकीच्या मालकाला डोकेदुखी ठरतो, कारण लहान बुडबुडा फार सावकाश वर चढतो. शांत पाण्यात एकदशांश मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ५ मिलिमीटर चढतो. व्यास निम्मा झाला की वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे २० सेंटिमीटर खोल पाण्यातून वर यायला पहिल्याला सुमारे ४० सेकंद लागतील, तर दुसऱ्याला अडीच मिनिटांहून अधिक. एवढा वेळ त्याला मिळाला नाही, तर तो परतीच्या पंपात ओढला जातो आणि थेट माशांपुढे येतो.

सर्वप्रथम गुन्हेगार स्किमरच आहे का, ते पाहावे. परतीचा पंप चालू ठेवून फक्त स्किमर तासभर बंद करावा. बुडबुडे ओसरले तर उगम स्किमरमध्ये आहे. तसेच राहिले तर तो निर्दोष आहे. यात एक फसगत संभवते. स्किमर बंद होताच त्याच्या पोटातील पाणी खालच्या टाकीत उतरते, तेथील पातळी वाढते आणि परतीच्या पंपाचा दोष तात्पुरता झाकला जातो. त्यामुळे आधी पातळीची खूण करावी आणि तेवढे जास्तीचे पाणी काढून घेऊनच ही परीक्षा करावी.

स्किमर निर्दोष ठरला तर संशय बाष्पीभवनावर घ्यावा. उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवलेल्या टाकीतून रोज बरेच पाणी उडून जाते आणि ही घट परतीच्या पंपाच्या कप्प्यात दिसते. पातळी उतरली की पंपाच्या तोंडाशी भोवरा पडतो आणि तो पाण्याबरोबर हवाही ओढू लागतो. उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्याची. पंप टाकीबाहेर बसवलेला असेल तर ओढीच्या बाजूचे जोड तपासावेत. या बाजूच्या बारीक फटीतून पाणी गळत नाही, उलट हवा आत शिरते, त्यामुळे फट सहसा लक्षात येत नाही. जोडावर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा लेप दिल्यावर बुडबुडे थांबले, तर जागा सापडली. हा दोष मात्र किरकोळ समजू नये. जोरदार पंपाच्या दाबाखाली हवा पाण्यात प्रमाणाबाहेर विरघळली, तर माशांच्या डोळ्यांत आणि परांत वायूचे फुगे धरतात.

दोष स्किमरचाच निघाला तरी तो नवा असेल तर थांबणे हाच उपाय. कारखान्यातील तेलकट अंश जाऊन आतल्या प्लास्टिकवर जैविक थर बसेपर्यंत काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही, तो बेशिस्त वागतो. बसवण्यापूर्वी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात चालवून धुतल्यास हा काळ कमी होतो. त्यानंतर पाहायची ती खोली. तो किती पाण्यात उभा असावा हे उत्पादकाने सांगितलेले असते. पुष्कळ स्किमरांसाठी ते १५ ते २५ सेंटिमीटर असते. पाणी त्याहून खोल असेल तर खाली आधार देऊन स्किमर उचलावा. हवेची नळी चिमटून बुडबुडे कमी करण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. बुडबुडे कमी होतात हे खरे, पण स्किमरचे कामही तेवढेच कमी होते. नळीत मीठ साचून हवा आपोआप अडते ती वेगळीच. त्यासाठी अधूनमधून नळीतून कोमट पाणी ओढू द्यावे. क्लोरीन मारणारी द्रावणे, काही औषधे किंवा खडक चिकटवायची इपॉक्सी वापरल्यानंतर फेस अनावर होतो. तेव्हा थोडे पाणी बदलावे आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत धीर धरावा.

खरा मुक्काम आहे तो खालच्या टाकीच्या रचनेत. स्किमरचा कप्पा आणि परतीच्या पंपाचा कप्पा यांच्यामध्ये काचेचे तीन आडपडदे बसवतात. पहिला तळापासून उभा, त्यावरून पाणी सांडते. दुसरा तळापासून थोडा उचललेला, त्याखालून पाणी जाते. तिसरा पुन्हा तळापासून उभा. पहिल्या पडद्यामुळे स्किमरजवळील पातळी कायम राहते, हा त्याचा मोठा लाभ. चूक होते ती फटीच्या मापात. ताशी २००० लिटर पाणी ३० सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर फटीतून खाली जात असेल, तर त्याचा वेग सेकंदाला ६ सेंटिमीटरहून अधिक होतो. सेकंदाला अर्धा सेंटिमीटर चढणारा बुडबुडा त्यापुढे काय टिकणार? फट दुप्पट केली की वेग निम्मा होतो. त्याहून सोपे म्हणजे परतीचा प्रवाहच कमी करणे. माशांना हवी असलेली पाण्याची हालचाल वरच्या टाकीतील छोट्या पंपानेही साधते.

स्किमरच्या तोंडाला गाळणीचा स्पंज बांधणे हा सर्वांत लोकप्रिय तोडगा. तो लगेच लागू पडतो, आणि दोन-तीन दिवसांत धुतला नाही तर त्यात अडकलेली घाण कुजून नायट्रेट वाढवते. स्किमर जे बाहेर काढतो, तेच स्पंज साठवून ठेवतो. रोज धुण्याची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जावे.

मोजके बुडबुडे माशांना सहसा अपाय करत नाहीत, ते केवळ डोळ्यांना खुपतात. जिवंत समुद्री स्पंजाच्या छिद्रांत मात्र हवा अडकून तो भाग मरू शकतो. शिवाय पृष्ठभागावर फुटणारे बुडबुडे खारट तुषार उडवतात आणि ते दिव्याच्या वायरींवर बसतात. तेथील मीठ कोरड्या फडक्याने, मुख्य बटण बंद करूनच पुसावे.

सगळे जमल्यावर एकदा मुद्दाम वीज बंद करून पाहावी. वरच्या टाकीचे पाणी खाली उतरते, पातळी चढते आणि वीज परतताच खोल पाण्यातला स्किमर काही मिनिटांत पेला भरून जमिनीवर ओतू लागतो. परतीच्या पंपाने जादा पाणी वर नेईपर्यंत स्किमर बंद राहील, अशी काही मिनिटांची विलंबकळ त्याच्या जोडणीत बसवली की ही आपत्ती टळते.